बेत शिआनचा

शिआनच्या शान्शी इतिहास संग्रहालयात प्रवेश फुकट आहे, आणि म्हणूनच तो सहजी मिळत नाही. पैसे मोजायचे असते तर माणसानं कुरकुरत का होईना मोजले असते आणि आत गेला असता. फुकट म्हटल्यावर अर्धा चीन दारात उभा राहतो. त्यामुळे रोज आत किती माणसं सोडायची याचा आकडा ठरलेला. नाव आधी नोंदवायचं. नोंदणी काही दिवस आधी ठरावीक वेळेला खुली होणार आणि सुट्ट्यांच्या हंगामात ती उघडली म्हणेपर्यंत संपणार. नोंदणीला पासपोर्टचा नंबर हवा, दारात तोच पासपोर्ट हातात हवा. सोमवारी दार बंद.

ही सगळी माहिती मला अण्णांनी दिली. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांची उभी हयात रेल्वेच्या टाइमटेबल विभागात गेली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे वेळापत्रकं बसवण्याची कला तेवढी उरली, गाड्या गेल्या. मग आम्ही घरचेच रुळांवर आलो. लग्नाला जायचं असो की कुलदैवताला, अण्णांचा तक्ता आधी येतो. कुठं किती वेळ थांबायचं, चहा कुठं, औषधाची गोळी कुठं, सगळं रकान्यात.

चीनचा बेत मात्र वहिनींचा. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. शिआनला लोक जातात ते मातीच्या सैनिकांसाठी. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेलं ते सैन्य शहराच्या पूर्वेला, लिन्थोंगला आहे. वहिनींना त्याचं फारसं नव्हतं. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं पोरांना ह्युएन त्सांग शिकवला. भारतातून एवढी पुस्तकं घेऊन गेला तो बाबा राहायचा कुठं, ते मला बघायचंय. आणि त्या गावचं संग्रहालय. बाकी तुमच्या तक्त्यात काय बसेल ते बसवा.”

अण्णांनी बसवायला घेतलं. पहिल्याच फटक्यात त्यांना कळलं, की या नावाची दारं दोन आहेत. जुनं संग्रहालय शहरात, श्याओझाय भागात. त्याचीच एक नवी शाखा २०२४ मध्ये शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत उघडली, छिन आणि हान काळाला वाहिलेली. नाव घाईत वाचलं तर माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा. अण्णांनी तक्त्यात लाल शाईनं लिहिलं, ‘जुनं. थांग काळवालं. श्याओझाय.’ खाली दोन रेघा.

बीजिंगहून शिआन बाराशे किलोमीटरच्या घरात आहे आणि वेगवान गाडी ते अंतर साडेचार-पाच तासांत कापते, हे वाचून अण्णा जरा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, “लेट होत नाहीत म्हणे. मग तिथल्या टाइमटेबलवाल्यांना दिवसभर काम काय असतं?” या प्रश्नात असूया किती आणि काळजी किती, ते मला ठरवता आलं नाही.

संग्रहालयाचा स्वतःचा बेतही काही घाईचा नव्हता. शान्शीला चांगलं संग्रहालय हवं, असं पंतप्रधान चौ एन लाय १९७३ मध्ये बोलून गेले. दार उघडलं १९९१ मध्ये. आराखडा झांग चिनछ्यू या वास्तुरचनाकार बाईंचा. लांबरुंद वळचणींची, थांग काळातल्या राजवाड्याच्या वळणाची इमारत त्यांनी बांधली. नाव एका प्रांताचं असलं तरी चौ, छिन, हान आणि थांग राजवंशांच्या राजधान्या याच परिसरात होत्या. थांग काळात शिआनचं नाव छांगआन होतं आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या शहरांत त्याची गणना होती. त्यामुळे प्रांताचं म्हणून जे कपाट उघडावं त्यातून साम्राज्यच बाहेर येतं.

“सगळं बघायला वेळ नाही,” अण्णा म्हणाले, “महत्त्वाची स्टेशनं सांगा. तिथं थांबा देतो.”

वहिनींनी पहिला थांबा सांगितला तो बोटभर लांबीच्या ब्राँझच्या वाघाचा. वाघ अर्धाच आहे. नाकापासून शेपटीपर्यंत उभा चिरलेला, अंगावर सोन्यानं भरलेली चाळीस अक्षरं. छिन राज्यात, म्हणजे पहिला सम्राट व्हायच्या आधीच्या काळात, सैन्य हलवायचं तर असा वाघ लागायचा. उजवा अर्धा राजाकडं, डावा त्या त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडं. हा डावा, तू नावाच्या ठाण्याचा. पन्नास किंवा त्याहून जास्त शिपाई बाहेर काढायचे तर राजाकडून उजवा वाघ यायचा, दोन्ही अर्धे जुळले तरच हुकूम खरा. अण्णा हे ऐकत होते तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. संग्रहालयाची नोंदणी वीचॅटवर, वीचॅटला फोन नंबर, त्या नंबरावर येणारा ओटीपी, पैसे द्यायला अलिपे, त्यालाही ओटीपी. “म्हणजे हा ओटीपीच की,” ते म्हणाले. “अर्धा त्यांच्याकडं, अर्धा आपल्याकडं. जुळला तर पुढं.”

“त्यात पुढं अजून एक ओळ आहे,” वहिनी म्हणाल्या. “शत्रू आला आणि धोक्याचे जाळ पेटले, तर वाघ जुळायची वाट बघू नका, निघा.”

अण्णांनी फोनकडं पाहिलं. ओटीपी आला नव्हता. “ही तरतूद यांनी नंतर काढून टाकलेली दिसते,” ते म्हणाले.

दुसरा थांबा भित्तिचित्रांचा. थांग राजघराण्यातल्या लोकांच्या थडग्यांत, खाली उतरत जाणाऱ्या लांब वाटेच्या दोन्ही भिंतींवर चित्रं असायची. राजपुत्र ली श्यान हा सम्राज्ञी वू हिचा मुलगा. आईच्याच राजकारणात त्याला ६८४ मध्ये जीव द्यावा लागला, आणि वारं फिरल्यावर ७०६ मध्ये इतमामानं पुन्हा पुरलं गेलं. त्याच्या थडग्यातलं एक चित्र व्हिसा काढायला निघालेल्या प्रत्येकानं आधी बघून ठेवावं. परदेशांतून आलेले पाहुणे दरबारात भेटीसाठी उभे आहेत. एकाला टक्कल आणि भलं मोठं नाक, एकाच्या टोपीत पिसं, एक थंडीच्या मुलखातला, केसाळ कातड्याची टोपी घालून आलेला. तिघंही हात जोडल्यासारखे अदबीनं उभे. त्यांच्या पुढं थांग दरबाराचे तीन अधिकारी. ते आपसांत बोलताहेत. पाहुण्यांकडं कुणाचं लक्ष नाही. कुठून आलात, काय काम, कुणी विचारत नाही. तो टकल्या बायझंटाइन साम्राज्यातून आला असावा, असा तर्क आहे. तसं असेल तर बिचारा किती लांबून आला, आणि तेराशे वर्षं त्याचा नंबर लागलेला नाही.

“याला वेगळं तिकीट आहे,” अण्णांनी कळवलं. चित्रं जपायची म्हणून हवा आणि ओलावा सांभाळलेल्या वेगळ्या दालनात ठेवली आहेत, आणि संग्रहालयातलं सगळ्यांत महाग तिकीट तेच. गंमत अशी, की ही चित्रं कुणी बघावीत म्हणून काढलीच नव्हती. चितारी बाहेर आले, वाट मातीनं बुजवली, संपलं. ज्याच्यासाठी काढली तो एकटा आत. कुणीही बघू नये अशा बेतानं केलेलं काम बघायला आता पैसे सर्वांत जास्त, हे अण्णांच्या हिशेबात बसेना. वहिनी म्हणाल्या, “बेत करणारा एक असतो आणि उपयोग दुसऱ्याचा होतो. पुढं चला.”

पुढं होतं हच्याछुन. शिआनच्या दक्षिण भागातल्या या जागी १९७० च्या ऑक्टोबरात एका बांधकामासाठी खणताना मातीचे दोन मोठे रांजण आणि एक चांदीचं भांडं लागलं. आत हजाराहून अधिक वस्तू, त्यांतली सोन्याचांदीचीच भांडी पावणेतीनशेच्या आसपास. त्यात पट्टेदार अकीक दगडातून कोरलेला शिंगाच्या आकाराचा पेला आहे. त्याच्या टोकाला हरणासारख्या जनावराचं तोंड, तोंडावर सोन्याचं बूच. चीन सरकारनं २००२ मध्ये ज्या वस्तू देशाबाहेर प्रदर्शनाला न्यायच्या नाहीत असं ठरवलं, त्यांत हा आहे. तो बघायचा तर माणसानंच तिकडं गेलं पाहिजे.

पण वहिनींना पेल्यापेक्षा मालकाचं अप्रूप. कारण या मालकाचा बेत अण्णांच्या तोडीचा होता. रांजणांत औषधंही होती, हिंगूळ, स्फटिक असली, चांदीच्या डब्यांत नीट भरलेली, आणि डब्यांवर शाईनं लिहिलेलं: आत काय आहे, वजन किती. नाणी होती, तीही चालू खर्चाची नव्हेत. चीनची शेकडो वर्षांपूर्वीची, इराणच्या सासानी राजाचं, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसच्या नावाचं सोन्याचं, जपानची चांदीची. घर सोडायची वेळ आली तेव्हा हे सगळं कुणीतरी नीट रचून, झाकणं लावून पुरलं. हे ७५५ मध्ये सुरू झालेल्या आन लूशानच्या बंडात घडलं की ७८३ मध्ये राजधानीत शिपाई उलटले तेव्हा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पळताना माणूस काय काय उचलतो. याला यादी करायला सवड सापडली, याचंच नवल. तो परत यायचा होता. आल्यावर यादीप्रमाणं तपासायचा होता.

“आला नाही,” अण्णा हळूच म्हणाले. त्यांना त्या माणसाबद्दल मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. इतकी चोख यादी, आणि गाडीच सुटली नाही.

“पण यादी वाया नाही गेली,” वहिनी म्हणाल्या. “डब्यांवर लिहिलेलं होतं म्हणून थांग काळात कुठलं औषध कुठल्या नावानं ओळखत, त्यांचं वजन म्हणजे आजचं किती, हे लोकांना कळलं. त्यानं स्वतःसाठी लिहिलं, कामाला आलं दुसऱ्यांच्या.”

त्याच ठेव्यात चांदीचा एक वीतभर उंचीचा सुरईवजा बुधला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेला घोडा, मागचे पाय दुमडून बसलेला, तोंडात पेला धरलेला. सम्राट श्वानझोंगच्या वाढदिवसाला असे शिकवलेले घोडे नाचायचे आणि शेवटी पेला उचलून आयुष्य चिंतायचे. बंड झालं, सम्राट राजधानी सोडून पळाला, घोडे पांगले. त्यांतले काही थ्येन छंग्स नावाच्या सेनापतीच्या छावणीत पोचले. ते कोण आहेत हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका मेजवानीला वाद्यं वाजू लागली आणि घोडे नाचायला लागले. मोतद्दारांना वाटलं, यांच्या अंगात काही शिरलंय. त्यांनी झोडपायला सुरुवात केली. घोड्यांना वाटलं, आपला ताल चुकतोय. ते अधिकच मन लावून नाचले. मार वाढत गेला आणि घोडे मेले. ही हकिकत थांग काळातल्याच एका ग्रंथात आहे. ती सांगून झाल्यावर वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. अण्णांनी बुधल्याच्या रकान्यात आधी पाच मिनिटं लिहिली होती, ती खोडून पंधरा केली.

शेवटचा थांबा ह्युएन त्सांगचा, आणि तो संग्रहालयाबाहेर. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर मोठा हंस मनोरा उभा आहे. भारतातून आणलेले ग्रंथ सुखरूप राहावेत म्हणून ६५२ मध्ये तो प्रथम बांधला गेला. अण्णांना या पाहुण्याची कीर्ती ठाऊक होती, त्याच्या प्रवासाची व्यवस्था ठाऊक नव्हती. ती कळत गेली तसतसे ते अस्वस्थ होत गेले. सरहद्द बंद होती. त्यानं परवानगी मागितली, मिळाली नाही, तरी निघाला. ६२९ च्या सुमारास, चोरून. एका ठाण्यावर तिथल्या अधिकाऱ्याकडं त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पडला होता; त्या भल्या माणसानं तो त्याला दाखवला आणि त्याच्यासमोर फाडून टाकला. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. पाच दिवस, चार रात्री घोटभर पाणी नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानंच आपल्या मनानं वाट सोडली आणि गवत-पाण्यापाशी नेलं.

“पखाल एकच?” अण्णा म्हणाले. “दुसरी का नव्हती?”

अशा बेशिस्त माणसानं मग नालंदा, कनौज करत दक्षिण गाठली आणि ६४१ च्या सुमारास आपल्या मुलखात पाय ठेवला. राज्य दुसऱ्या पुलकेशीचं, ज्याच्यापुढं हर्षवर्धनाचंही काही चाललं नव्हतं. इथल्या माणसांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे: ताठ आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान तर मुळीच विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी कळवतात, मग घेतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांचे कपडे देतात. लढाईला निघताना वीर दारू पितात, हत्तींनाही पाजतात. पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या लेण्यांचं आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं त्यानं केलेलं वर्णन अजिंठ्याचं मानतात. वहिनी म्हणाल्या, “सूड घ्यायच्या आधी कळवतात, हे वाचलं की वर्ग हसायचा. घरी तसंच चालतं, असं पोरं सांगायची.”

६४५ मध्ये तो छांगआनला परतला, तोवर कायदा मोडून गेलेल्याचं स्वागत करायला गाव लोटलं होतं. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या, नाहीतर आणखी असते. मग सम्राटानं सांगितलं, पाहिलेल्या मुलखांचं सगळं लिहून दे. त्यानं ६४६ मध्ये लिहून दिलं: कुठून कुठं किती अंतर, कुठल्या दिशेला, तिथं काय. सम्राटाला हवी होती पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती. पण बाराशे वर्षांनी अलेक्झांडर कनिंगहॅम तेच पुस्तक घेऊन उत्तर भारतात हिंडला आणि त्यातल्या अंतरांवरून विसरलेली बौद्ध स्थळं शोधत सुटला.

हे ऐकल्यावर अण्णांनी ह्युएन त्सांगाला एका पखालीबद्दल माफ करून टाकलं. “अंतरं लिहून ठेवली होती ना,” ते म्हणाले. “मग तो आपला माणूस.”

तक्ता तयार झाला. नोंदणी मिळालीच नाही तर दगडी लेखांच्या बेइलिन संग्रहालयाचा पर्यायी मार्गही त्यात आला. १०८७ पासून शिलालेख जमवत आलेली ती जागा. आणि संग्रहालय ते मनोरा या टप्प्यात अण्णांनी चक्क एक तास मोकळा सोडला. विचारल्यावर म्हणाले, “रिकव्हरी टाइम. तो नसेल तर ते टाइमटेबल नव्हे, ती नुसती इच्छा.”

त्यानंतर वहिनींच्या गुडघ्यानं उचल खाल्ली आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. बेत पुढं ढकलला. दरम्यान सोसायटीतलं शेजारच्या विंगमधलं जोडपं शांघायला मुलाकडं निघालं. त्यांना अण्णांच्या तक्त्याचं कळलं, त्यांनी प्रत मागितली. ते शिआनला जाऊन आले. नोंदणी अण्णांनी सांगितल्या मिनिटाला केली आणि मिळाली. दार बरोबर निघालं. वाघ पाहिला, घोडा पाहिला, पिसांच्या टोपीवाला पाहुणा अजून उभाच आहे असं त्यांनी सांगितलं. फक्त संग्रहालयातून मनोऱ्यापर्यंत चालायला अण्णांनी धरला त्यापेक्षा वेळ जास्त लागतो; वाटेत खाण्याच्या गाड्या फार. तो मोकळा तास त्यांतच गेला.

मला वाटलं, अण्णांना वाईट वाटेल. बेत यांचा, बघून आले ते. अण्णा तर खुशीत होते. तक्ता पुढं ओढून त्यांनी मनोऱ्याच्या टप्प्यात दुरुस्ती केली.

“पण अण्णा,” मी म्हटलं, “आपण अजून इथंच आहोत.”

“म्हणून काय झालं?” ते म्हणाले. “मी आयुष्यभर गाड्या बसवल्या. त्यांतल्या किती गाड्यांत मी स्वतः बसलो असेन? गाडी वेळेत पोचली की झालं.”

वहिनी गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी, तुमच्या बंधूंना सांगा, या गाडीला दोन सीटा राखून ठेवा. सूड घ्यायच्या आधी कळवून ठेवते आहे.”